जुन्या बंदुकांसाठी 'पॉन स्टार्स' की 'फरगॉटन वेपन्स'?

जुन्या बंदुकांची आवड असेल आणि हाताशी वेळ थोडाच असेल, तर निवड बहुधा 'पॉन स्टार्स' आणि 'फरगॉटन वेपन्स' या दोन कार्यक्रमांतच करावी लागते. 'पॉन स्टार्स' या टीव्ही मालिकेतला, जुन्या वस्तू विकत घेणारा लास व्हेगासचा दुकानदार रिक हॅरिसन हिस्ट्री टीव्ही 18 या वाहिनीमुळे आपल्याकडे बहुतेकांच्या ओळखीचा आहे. 'फरगॉटन वेपन्स' यूट्यूबवर आहे. त्यात इयान मॅकॉलम लिलावघरात जातो, विक्रीला आलेली बंदूक टेबलावर ठेवतो आणि बोलू लागतो.

व्यवहार समजून घ्यायचा असेल, तर 'पॉन स्टार्स'ला तोड नाही. लिलावात येईल ती किंमत आणि दुकानदार देईल ती किंमत यांत एवढं अंतर का, हे तिथल्या घासाघिशीत आपोआप कळतं. अमेरिकी कायदा 1898पर्यंत बनलेल्या बंदुकीला 'अँटिक' धरतो, त्यामुळे सन कोणता यावर सौदा कसा अडतो हेही दिसतं. कागदपत्रांचं मोलही तिथेच मनावर ठसतं. अमेरिकेतला कुख्यात गुंड बिली द किड याला ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरने मारलं, ते 2021मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात 60 लाख डॉलरच्या वर गेलं. इतिहास नसलेल्या तशाच कोल्टला त्याचा किरकोळ अंशही मिळणार नाही.

मला खटकत राहिला तो कॅमेरा. तज्ज्ञ चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणारी बंदूक हातात घेतो, घोडा मागे ओढतो, लोखंडावरचा ठसा दाखवायला बोट नेतो आणि नेमकं त्याच क्षणी पडद्यावर मालकाचा चेहरा येतो. मग जाहिराती. परत आल्यावर तीच बंदूक, तीच ओळख, तोच प्रश्न. कमान (स्प्रिंग) कुठे आहे, चाप ओढल्यावर आत काय सरकतं, हे बघायला मी बसलेलो असतो आणि ते सहसा दिसतच नाही. काहींना हे चालत असेल. मला शेवटी चाललं नाही.

मॅकॉलमचा कॅमेरा बंदुकीवरून हलत नाही. त्याचा नेपाळच्या बिरा गनवरचा भाग घ्या. दोन नळ्यांची, दांडा फिरवून चालवायची ही अवजड बंदूक. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला साठा 2003मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यातून अशा बंदुका बाहेर आल्या. भाग हाताने घासून बसवलेले, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला सहज लागत नाही. ती यंत्रणा तो सावकाश उलगडून दाखवतो. (तो साठा आणणाऱ्या कुटुंबातले अ‍ॅलेक्स क्रॅनमर 'पॉन स्टार्स'मध्ये तज्ज्ञ म्हणून येतात. त्या कुटुंबावर नॅशनल जिओग्राफिकची 'फॅमिली गन्स' ही मालिकाही होती.) कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना त्याचं बोलणं लगेच भिडेल.

त्याच्या उणिवाही आहेत. भाषा इंग्रजी, नाट्य शून्य, आणि किमतीबद्दल तो फारसं बोलत नाही. घरच्यांबरोबर जेवताना काही लावायचं असेल, तर 'पॉन स्टार्स'च बरा, असं मला वाटतं. पण बंदुकीसाठीच बसणार असाल, तर मॅकॉलमकडे जा. सुरुवात बिरा गनपासून केलीत तर उत्तम.