षड्ज-पंचम भावात लावलेली गिटार आणि रविवार कारंज्याजवळचे दुरुस्तीचे दुकान

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर वाद्यदुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. त्याला पाटी नाही. जिन्याच्या तोंडाशी टांगलेला सतारीचा तडकलेला भोपळा हीच त्याची खूण. पावसाळा सरता सरता मी माझी अकूस्टिक गिटार तेथे नेली, ती दुरुस्तीसाठी नव्हे, तर तिची स्वरजुळणीच बदलून घेण्यासाठी. त्यानंतर चार महिने ती रोज वाजवली असल्यामुळे या कामाविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

गिटारच्या तारा जाड तारेपासून मोजल्यास साधारणपणे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. मला हवी होती ती जुळणी सी, जी, डी, ए, ई, जी अशी आहे. इंग्लंडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांना ती १९८३ मध्ये सुचली आणि १९८५ पासून ‘गिटार क्राफ्ट’च्या वर्गांतून त्यांनी ती शिकवली. तिच्यातील जाडीकडच्या पाच तारांत प्रत्येक तार ही आधीच्या तारेचा पंचम असते, म्हणजे आधीची तार सा मानली तर पुढची प. व्हायोलिन आणि चेलो यांच्या तारांमध्येही हेच अंतर असते. या हिशेबाने सर्वांत बारीक तार बी सुराची हवी, परंतु पूर्ण लांबीच्या गिटारवर ती तेथवर चढवली की तुटते. आणखी पातळ तार घेऊनही सुटका नाही, कारण पातळ तारेला ताण कमी लागतो तशी तिची ताण सोसण्याची ताकदही त्याच प्रमाणात कमी होते. म्हणून ती जी सुरावर थांबवतात.

आपल्या संगीताच्या माणसाला या जुळणीत एक वेगळेच सुख आहे. जाड सी म्हणजे आपल्या हार्मोनियमची पांढरी एक. तिलाच षड्ज मानले, तर सा रे ग म हे पूर्वांग एका तारेवर आणि प ध नि सां हे उत्तरांग लगतच्या तारेवर, तंतोतंत त्याच पडद्यांवर येते. बिलावल थाटासाठी मोकळी तार, दुसरा, चौथा आणि पाचवा पडदा. काफीसाठी मोकळी तार, दुसरा, तिसरा आणि पाचवा. भैरवासाठी मोकळी तार, पहिला, चौथा आणि पाचवा. पूर्वांगात बोटे जशी पडली तशीच उत्तरांगात टाकली की सप्तक पूर्ण होते. भैरवाचा कोमल रिषभ आणि कोमल धैवत एकाच बोटाखाली, शेजारच्या दोन तारांवर सापडले, तेव्हा गुरुजींनी वर्षानुवर्षे सांगितलेला रे-ध संवाद मला प्रथमच डोळ्यांनी दिसला. नेहमीच्या जुळणीत हे घडत नाही, कारण तेथे शेजारच्या तारांत बहुतेक ठिकाणी मध्यमाचे अंतर असते आणि जी-बी या जोडीत तेही मोडते.

मात्र नुसत्या खुंट्या पिळून ही जुळणी साधत नाही, हे मी नुकसान सोसून शिकलो. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका दुकानात मी हीच मागणी केली होती. तेथे आहे त्याच तारा ओढून दिल्या आणि आठवड्यात घोडी (गिटारच्या पोटावरची, तारा जिला अडकवतात ती पट्टी) मागच्या बाजूने उचलली गेली. त्याच तारेचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बीची तार ई सुरावर नेली तर ताण सुमारे ७८ टक्क्यांनी वाढतो. उलट जाड ई सी सुरावर उतरवली तर तो सुमारे ३७ टक्क्यांनी घटतो आणि तार पडद्यांवर खडखडू लागते.

या दुकानातील काकांनी गिटार हातात घेताच आधी घोडीखाली कागदाचा कपटा सरकवून फट पाहिली आणि म्हणाले, “सर, तारा आधी बदलायच्या, सूर नंतर.” त्यांनी ०.०११, ०.०१३, ०.०२२, ०.०३२, ०.०४६ आणि ०.०५८ इंच जाडीच्या सुट्या तारा मुंबईहून मागवल्या. जुन्या नटच्या (मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) खाचा कोरून मोठ्या करणे सोपे होते, परंतु मग पुन्हा नेहमीची जुळणी करता आली नसती. म्हणून त्यांनी हाडाचा नवा नट घासून बसवला आणि जुना कागदाच्या पाकिटात घालून परत दिला. त्या पाकिटावर पेन्सिलीने सहा तारांच्या जाड्या लिहिलेल्या आहेत. खाच कोरताना ते दर दोन-तीन घासांनंतर तार बसवून नखाने छेडत आणि आवाज मोकळा येतो का ते ऐकत. एवढ्या सबुरीने काम करणारा माणूस मी गिटारच्या व्यवसायात क्वचितच पाहिला आहे.

दोन उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. पहिल्या खेपेला जाड तार बाराव्या पडद्यावर चढी बोलत होती. दुसऱ्या खेपेला काकांनी घोडीवरच्या हाडपट्टीची धार त्या तारेपुरती मागे घेतली आणि वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसरी उणीव कानाची म्हणावी की पडद्यांची, हा प्रश्नच आहे. काका तंबोऱ्याच्या सवयीने शुद्ध पंचम लावतात. असे चार पंचम चढल्यावर ई तार पडद्यांच्या समान विभागणीपेक्षा अर्ध्या सुराच्या शंभर भागांपैकी सुमारे ८ भाग चढी येते. एकट्याने आलाप करताना ते गोड लागते. कीबोर्डच्या साथीला बसताना मात्र मी तारा यंत्रावर पुन्हा लावून घेतो.

जुळणीच्या स्वतःच्या मर्यादाही मोठ्या आहेत. बोटांत बसलेले सगळे कॉर्ड निरुपयोगी होतात. मोकळ्या तारा सोडून पहिल्या पडद्यावर षड्ज धरला, तर मध्यम सहाव्या पडद्यावर जातो, म्हणजे हाताला सुमारे १५ सेंटिमीटरचा ताण. व्हायोलिनची तार गिटारच्या जवळपास निम्मी असल्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. लहान हाताच्या वादकाने कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) लावून वरच्या पडद्यांवर सुरुवात करावी. गाण्याच्या साथीलाच गिटार वाजवणाऱ्यांना मी ही जुळणी सुचवणार नाही. रागाची बढत करू पाहणाऱ्याने मात्र ती अवश्य करून पाहावी.

मला तारांसह २,१०० रुपये खर्च आला आणि काम सहा दिवसांत झाले. जाताना स्वतःची जुळणी कागदावर स्पष्ट लिहून न्यावी, कारण काका तारेची जाडी त्यावरूनच ठरवतात. बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो, तेव्हा गिटारची पेटी घेऊन त्या गर्दीतून जाणे अवघड होते; इतर दिवशी सकाळी ११ नंतर ते दुकानात असतात.