पार्ल्यातील मांजरांचा दवाखाना : बिनशेपटीच्या ठमीच्या निमित्ताने

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर फक्त मांजरांसाठी चालणारा एक छोटा दवाखाना आहे. गेल्या आठ महिन्यांत तेथे आमच्या अकरा फेऱ्या झाल्या. ज्यांच्या घरी जन्मतः बिनशेपटीचे मांजर आहे किंवा जे तसे पिल्लू विकत घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

ठमी आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. ती ‘मॅन्क्स’ जातीची असल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातील आईल ऑफ मॅन या बेटावरून ही जात पुढे आली. शेपटीच्या जागी ठमीला बोट टेकेल एवढा खळगा होता आणि सशासारखी मागचे दोन्ही पाय एकदम टाकत ती उड्या मारत चाले. आम्हाला त्याचे इतके कौतुक, की आल्यागेल्याला तिची चाल मुद्दाम दाखवत असू. चौथ्या महिन्यापासून मात्र ती बसेल तेथे ओला डाग पडू लागला आणि सोफ्यावर विष्ठेचे कोरडे खडे सापडू लागले. घराजवळच्या एका दवाखान्यात दोनदा जंताचे औषध मिळाले, एकदा आठवडाभर अँटिबायोटिक झाले आणि शेवटी ‘मांजराला शिस्त लावा’ असा सल्ला मिळाला. तिन्ही खेपांना तिच्या पाठीवरून कोणी साधा हात फिरवला नाही.

पार्ल्याच्या डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीला पाऊण तास दिला. त्यांनी ठमीला टेबलावर घेतलेच नाही. दार लावून तिला जमिनीवर मोकळे सोडले आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसून तिची चाल पाहत राहिल्या. मग मानेपासून एकेक मणका बोटांनी चाचपत त्या खाली गेल्या आणि कापसाच्या काडीने गुदद्वाराशी हलकेच स्पर्श केला. धडधाकट मांजराचा तेथील स्नायू तत्क्षणी आवळतो आणि मांजर वळून रागाने पाहते. ठमी खिडकीतल्या कबुतराकडे पाहत राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, ही सवय नाही. शी-शू कधी होते, हे हिला कळतच नाही.”

एक्स-रे दोन बाजूंनी काढला आणि पडद्यावर आम्हाला मणके मोजायला लावले. कमरेचे सात बरोबर होते. त्यापुढे तीन मणके एकत्र जुळून झालेले माकडहाडाच्या वरचे हाड असायला हवे. ठमीच्या बाबतीत तेथे एक पुरा मणका आणि एक वाकडा तुकडा होता, पुढे काहीच नव्हते. मूत्राशयाकडे आणि गुदाशयाकडे जाणाऱ्या नसा नेमक्या याच भागातून बाहेर पडतात. अपघातात शेपूट गमावलेल्या रस्त्यावरच्या मांजराचे हे हाड बहुधा शाबूत असते, म्हणून हा दोष जन्मजातच, असे त्यांनी सांगितले. शेपूट जोरात ओढली जाऊनही याच नसांना इजा होते आणि लक्षणे अशीच दिसतात, हेही त्यांच्याकडूनच कळले.

मग औषधाच्या चिठ्ठीच्या मागे त्यांनी चार चौकोन काढले. मॅन्क्सची शेपूट नाहीशी करणाऱ्या जनुकाची एक प्रत पुरेशी असते. आई आणि बाप दोघांकडून एकेक अशा दोन्ही प्रती मिळालेला गर्भ पोटातच मरतो. म्हणजे दोन बिनशेपटीच्या मांजरांचा संकर केला, तर चारातला सरासरी एक गर्भ जन्माआधीच जातो, आणि जन्मलेल्यांतही साधारण तिघांत एकाला शेपूट असतेच. ‘शंभर टक्के शुद्ध’ वंश या जातीत मुळात संभवतच नाही, आणि आमच्या विकणाऱ्याचा सगळा भर नेमका त्याच शब्दावर होता! हे जनुक गर्भावस्थेत पाठकण्याच्या खालच्या टोकाची घडण बिघडवते. ते टोक कोठे थांबेल याचा नेम नसतो, म्हणून एकाच वेतातले एक पिल्लू ठणठणीत तर दुसरे ठमीसारखे निघते. त्रास बहुधा पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतो, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू पाहून काही ठरवता येत नाही. जपानी बॉबटेलची आखूड शेपूट वेगळ्या जनुकामुळे असते आणि तिच्यासोबत हा विकार येत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

एमआरआयची सोय या दवाखान्यात नाही. बाहेरची चिठ्ठी त्यांनी देऊ केली, पण त्याने निदान अधिक स्पष्ट झाले तरी उपचार बदलणार नाहीत, हेही लगेच सांगितले. आमचा बराच खर्च त्या एका वाक्याने वाचला.

खरा गुण दिसला तो शिकवण्यात. त्यांनी माझ्या पत्नीचा हात ठमीच्या पोटाखाली धरला आणि भरलेला मूत्राशय बोटांना लागेपर्यंत सोडला नाही. लिंबाएवढा, पाणी भरलेल्या फुग्यासारखा. तो दोन्ही बाजूंनी सावकाश, मागच्या दिशेने, धार थांबेपर्यंत दाबायचा. लघवी आत साठून राहिली तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. तीन शनिवार हा सराव झाला, आणि त्यातल्या दोन शनिवारी त्यांनी फी घेतली नाही. बद्धकोष्ठतेने आतडे ताणले जाऊ नये म्हणून लॅक्ट्युलोज हे शौच मऊ करणारे औषध आणि ओले अन्न सुरू झाले.

उणिवाही आहेत. वेळ ठरवून गेलो तरी सरासरी चाळीस मिनिटे ताटकळावे लागते. लिफ्ट नाही, जिना अंधारा आहे, आणि दुपारी फोन उचलला जात नाही. शिवाय कुत्रे घेऊन आलेल्यांना दारातूनच परत पाठवतानाची मदतनिसाची भाषा जरा सौम्य हवी.

अहवाल घेऊन मी विकणाऱ्याला फोन केला. त्याने न कुरकुरता त्याच जोडीच्या पुढच्या वेतातले एक पिल्लू बदली देऊ केले. हे सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला आणि ठमीच्या कागदावर नसबंदीची तारीख लिहिली. तीही शस्त्रक्रिया येथेच झाली, टाके व्यवस्थित भरले. आता दर दोन महिन्यांनी लघवीची तपासणी असते. सकाळी दहाची पहिली वेळ मागून घेतली, तर ताटकळावे लागत नाही.