गॅरेजच्या भिंतीत दगडाची लोकर: ऑटवाचा एक हिवाळा काढल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात थंडी अडवायला गॅरेजच्या भिंती आतून लोकरीनं भरल्या. आता मे उजाडलाय, म्हणजे ऑटवाचा अख्खा हिवाळा त्या खोलीत काढून झाला. सुतारकाम हा माझा शनिवार-रविवारचा उद्योग. आधीची तीन वर्षं नोव्हेंबर ते मार्च करवत झाकून ठेवलेली असायची. थंडी माणूस कोट घालून काढतो, गोंदाचं तसं नाही. फेव्हिकॉलच्या जातीचा लाकडाचा पिवळा गोंद साधारण १० अंशांच्या खाली नीट धरत नाही. वाळला की खडूसारखा पांढरा दिसतो आणि सांधा हातानं सुटतो. गुढीसाठी केलेल्या चौरंगाचा पाय असाच हातात आला, तेव्हा ठरवलं की आता गॅरेज गरम करायचंच.

गॅरेज १२ बाय २० फूट, एक भिंत घराला लागून. बाहेरच्या भिंतींत दोन-बाय-चारची उभी लाकडं, नावाला चार इंच, प्रत्यक्षात साडेतीन; म्हणजे आत भरायला जागा जेमतेम साडेतीन इंच. या साडेतीन इंचांत काय घालायचं यावर मी दोन महिने खल केला.

गुलाबी फायबरग्लास, म्हणजे काचेची लोकर, सगळ्यात स्वस्त, साडेतीन इंचांत आर-१२ (आर हे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तितकं चांगलं). पण मागच्या घरी माळ्यावर त्याच्याशी एकदा गाठ पडली होती, खाजकुयली परवडली. फवारून फुगणारा फोम इंचाला जवळजवळ आर-६ देतो, हवा आणि वाफ दोन्ही अडवतो. कागदावर तोच पहिला. पण मला मिळालेला भाव बाकीच्यांच्या तिप्पट होता, शिवाय तो उघडा ठेवता येत नाही, आगीसाठी वर ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्या) लागतेच. आणि एकदा फोम मारला की त्यातून नवी वायर ओढणं म्हणजे भिंत कोरणं. वर्कशॉपमध्ये दर सहा महिन्यांनी कुठेतरी प्लग हवा असतो.

शेवटी रॉकवूलची, म्हणजे दगडाच्या लोकरीची, आर-१४ गादी घेतली. बेसॉल्ट आणि भट्टीची मळी वितळवून, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे तंतू काढून ही लोकर करतात. ज्या दगडाचा सह्याद्री, त्याच जातीच्या दगडाची गादी कॅनडात भिंतीत कोंबताना जरा मजा वाटली. जळत नाही, हे माझ्यासाठी मोठं. भुसा आणि हीटर एकाच खोलीत आहेत. एका पिशवीत साधारण ६० चौरस फूट येतं; मला पाच लागल्या.

कापायला पावाची दातेरी सुरी उत्तम. घरातली नेली, ती अजून परत गेलेली नाही. रोज सकाळी टोस्टच्या वेळी आठवण करून दिली जाते. गादी फटीपेक्षा पाऊण इंच रुंद असते, त्यामुळे दाबून बसवली की आपली आपण उभी राहते. विजेचे बॉक्स आणि वायरीभोवती मात्र कोंबायची नाही, खाच पाडून बसवायची. पहिल्या दिवशी मी कोंबली. नंतर सगळ्या काढून पुन्हा कापल्या.

खरी चूक पुढची. इलेक्ट्रिशियन डिसेंबरशिवाय येणार नव्हता, म्हणून ड्रायवॉलही थांबवली, वाफ अडवणारं प्लास्टिकही थांबवलं, आणि तोवर प्रोपेनचा हीटर लावून काम सुरू केलं. तीन आठवड्यांनी एका बॉक्ससाठी गादी बाहेर ओढली, तर मागच्या, भिंतीच्या बाहेरच्या फळीवर फ्रिजरमध्ये साचतो तसा पांढरा बर्फ. बोटानं खरवडला तर गादीच्या पाठीवर पाणी. माल खराब निघाला असंच आधी वाटलं. मग हिशेब केला: एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. ९ किलोची टाकी संपली म्हणजे जवळजवळ एक हंडा पाणी मीच खोलीत ओतलं होतं, आणि ते लोकरीतून आरपार जाऊन थंड फळीवर गोठत होतं. लोकर पाणी पीत नाही, पण वाफेला अडवतही नाही. शिवाय बंद गॅरेजात ज्योत पेटवणं हा वेगळाच मूर्खपणा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता म्हणून निदान झोप लागायची.

सगळं काढलं, वाळवलं, ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिक आतल्या बाजूनं ताणून लावलं. त्याच्या कडांना जे काळं सीलंट लागतं ते कधीच वाळत नाही. बिब्ब्याचा डाग बरा. त्यावर ड्रायवॉल, आणि ज्योतीऐवजी २४० व्होल्टचा ५ किलोवॉटचा हीटर. जानेवारीत पुन्हा एक प्लग उघडून पाहिला: फळी कोरडी.

त्यानंतर उणे २२ असतानाही आत १६ राहिलं. थर्मामीटरची बंदूक भिंतीवर रोखली तर लोकरीच्या जागी १४, उभ्या लाकडाच्या जागी १२. साडेतीन इंच लाकूड जेमतेम आर-४ देतं, म्हणजे पिशवीवरचा १४ हा आकडा अख्ख्या भिंतीचा नव्हे. पुन्हा करायचं झालं तर ड्रायवॉलआधी आतून इंचभर फोमचे बोर्ड लावीन.

पण भिंतीचा एवढा कीस काढताना दाराकडे माझं लक्षच नव्हतं. गॅरेजची फरशी उताराची, दाराच्या डाव्या कोपऱ्यात दिवसा उजेडाची रेघ दिसायची. तिथून येणारा वारा भुशाची छोटी रांगोळी काढायचा. तळाची रबरी पट्टी आणि बाजूच्या पट्ट्या बदलल्या, एक दुपार गेली. त्यानंतर हीटर बंद राहण्याचा वेळ जेवढा वाढला, तेवढा फरक मला भिंती भरल्यावरही जाणवला नव्हता.

खोली पूर्ण थंड होऊ देऊन शनिवारी एकदम तापवू नका, हे करवतीच्या टेबलानं शिकवलं. बिडाचं लोखंड तासभर मागेच राहतं, त्यावर दव धरतं आणि गंज चढतो. आता आठवडाभर ८ अंशांवर ठेवतो, टेबलाला मेण लावतो. विजेचं बिल वाढलं, तक्रार नाही.

फरशी अजून तशीच आहे, पाय गार पडतात. उरलेल्या अर्ध्या पिशवीतून धूळ ओढणाऱ्या मशीनच्या खोक्याला अस्तर केलंय. शेजारी म्हणाले, रविवारचा आवाज कमी झाला.