हनीवेल डी०६एफ प्रेशर रेग्युलेटर: नवा घेण्याआधी गेज बघा

गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ किलो (म्हणजे जवळपास १ बार) प्रेशर वाढतं. मध्ये कुठे प्रेशर तोडलेलं नसेल, तर २४ मजली टॉवरच्या चौथ्या मजल्यावर लाइनमध्ये ६ किलोच्या आसपास भरतं. जेट स्प्रेच्या नळ्या फुटणं, फ्लशचा फ्लोट वाजणं, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकणं, हे सगळं त्यातूनच येतं. त्यावर हनीवेलचा हा डी०६एफ, म्हणजे लाइनमधलं प्रेशर कमी करणारा पितळी व्हॉल्व्ह, चांगला इलाज आहे. आउटलेट (घराकडच्या बाजूचं प्रेशर) १.५ ते ६ बारपर्यंत लावता येतं, आत बारीक जाळी आहे, आणि इनलेटचं (टाकीकडच्या बाजूचं) प्रेशर वरखाली झालं तरी आउटलेट फारसं हलत नाही. फ्लॅटला २ ते २.५ बार पुरे.

उणीव एकच, पण मोठी: गेज, म्हणजे प्रेशर दाखवणारी काट्याची तबकडी, वेगळं घ्यावं लागतं. दोन्ही अंगांना पाव इंची जागा दिलेली आहे, त्यात ० ते १० किलोचं गेज बसवा. ते नसेल तर सेटिंग म्हणजे निव्वळ अंदाज. प्लंबर नळाची धार बघून ‘झालं साहेब’ म्हणतो, ते मानू नका. वाहतं प्रेशर आणि बंद नळाचं प्रेशर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सेटिंग सगळे नळ बंद ठेवून करायचं. वाढवताना गेज लगेच चढतं. कमी करताना मात्र हमखास घोळ होतो: नॉब उणेकडे फिरवला तरी काटा हलत नाही, कारण पुढच्या पाइपात पाणी अडकलेलं असतं. लोक फिरवतच राहतात आणि मग नळ उघडला की धारच नाही. थोडं फिरवा, एक नळ उघडून बंद करा, मग काटा वाचा.

‘रेग्युलेटर गेला’ अशी तक्रार आली की आधी गीझर बंद करा. पाणी तापलं की फुगतं, आणि रेग्युलेटर ते मागे जाऊ देत नाही, म्हणून काटा चढतो. हा बिघाड नव्हे. फार चढत असेल तर छोटी एक्स्पान्शन टाकी (फुगलेलं पाणी सामावून घेणारी) लावा. गीझर बंद, नळ बंद ठेवून अर्धा तास थांबा. काटा तरीही हळूहळू इनलेटच्या आकड्याकडे सरकत असेल, तर सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना सील टेकतं त्या जागेवर) कचरा अडकलाय किंवा सील कापलंय. टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत हे नेहमीचं.

उलट तक्रार असते धार बारीक झाल्याची. नळ बंद असताना २.५ आणि एकच नळ उघडल्यावर १ च्या खाली, असं दिसलं की जाळी तुंबलीय. पुढचे-मागचे व्हॉल्व्ह बंद करा, एक नळ उघडून प्रेशर सोडा, खालची वाटी काढा, जाळी साध्या थंड पाण्याने धुवा. पारदर्शक वाटीला थिनर किंवा अ‍ॅसिड लावू नका, तडकते. परत बसवताना हातानेच आवळा, पान्हा नको. जाळी स्वच्छ असून धार बारीकच, तर साइझ लहान पडलाय. डक्टमध्ये (पाइप जातात त्या मोकळ्या जागेत) थेट ऊन येत असेल किंवा पाणी ४० अंशांच्या वर जात असेल, तर पितळी वाटीचंच मॉडेल घ्या.

नॉबपाशी पाणी झिरपलं की डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला. तेव्हा आतला इन्सर्ट (डायाफ्राम-सीलसकटचा सुटा भाग) अख्खा बदलतात, बॉडी लाइनवरच राहते. दुकानदार नवा व्हॉल्व्ह गळ्यात मारायला बघतो; आधी इन्सर्ट मिळतो का ते विचारा.

बसवताना बॉडीवरचा बाण पाण्याच्या दिशेने हवा आणि पुढे व्यासाच्या पाचपट सरळ पाइप. पाऊण इंचीला चार इंच धरा. लगेच एल्बो लावला की व्हॉल्व्ह गुणगुणतो, आणि दोष मात्र कंपनीला.

सगळ्यात वरच्या चार-पाच मजल्यांवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. नीट चालायला इनलेट आउटलेटपेक्षा निदान १ बारने जास्त लागतं, आणि तिथे एकूणच तेवढं नसतं. त्यांना लागतो बूस्टर पंप.