ओट्याची वायरिंग: भिंतीच्या आतून घ्यावी की पट्टीतून?

कापसाचे पैसे हाती आले की गावोगावी घरांची कामं निघतात, आणि त्यात सयपाकघराचा नंबर वरचा. ओट्याला ग्रॅनाइट, भिंतीला टाइल्स, खाली फर्निचर. वायरिंगची आठवण सगळ्यात शेवटी होते, तीही "तिथं दोन प्लग काढून दे" एवढ्यापुरती. मग वायर भिंतीच्या आतून पाइपात, म्हणजे कन्सील घ्यायची की भिंतीवरून झाकणाच्या प्लास्टिक पट्टीत, यावर गवंडी, दुकानदार आणि घरचे जावई अशी तिघांची तीन मतं निघतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. विटांची भिंत नवी असेल, प्लास्टर व्हायचं असेल आणि पाइप टाकण्याच्या दिवशी घरचं कोणी तिथं उभं राहणार असेल, तर आतून. यातलं एक जरी बसत नसेल तर पट्टी घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

दोन्हींत लोडचा हिशेब सारखाच लागतो, म्हणून तो आधी. २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतं. त्याला ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर (मोठी पिन लहान सॉकेटात बसवणारा जोड) लावून चालवलं की सॉकेट आधी पिवळं पडतं, मग काळं. एक एचपीची घरगुती चक्की म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना ती त्याच्या कित्येक पट करंट घेते. म्हणून इंडक्शन, ओव्हन, चक्की यांना १६ अँपिअरचे प्लग, बोर्डापासून प्रत्येकाची वेगळी लाइन, आणि ती कमीत कमी २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची, १६ अँपिअरच्या एमसीबीवर (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). मिक्सर, आरओ, चिमणीला ६ अँपिअरचे प्लग पुरतात. इथं आपला उन्हाळा विसरू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो, आणि भोवतालची हवा तापली की वायरची करंट वाहायची ताकद घटते. एकाच पाइपात पाच-सात वायरी कोंबल्या तर आणखी घटते. बोर्ड लांब असेल तर जड लाइनला सरळ ४ स्क्वेअर एमएम घ्या.

आता मुख्य भांडण. कन्सील दिसायला देखणं, पुसायला सोपं, तेलाचा चिकट थर बसायला जागा नाही. त्याचं खरं दुखणं वायरमनच्या कामात नाही, त्याच्यानंतर येणाऱ्यांच्या कामात आहे. प्लंबर नळाच्या पाइपासाठी त्याच भिंतीत झिरी मारतो. टाइल्सवाला मिस्त्री प्लग-स्विचचा भिंतीतला बॉक्स सिमेंटनं बुजवून टाकतो. शेवटी सुतार येतो, वरच्या कपाटासाठी ड्रिल लावतो आणि लांब स्क्रू थेट पाइपात. जाब विचारला तर म्हणतो, "भाऊ, आतून वायर गेली हे मले कोणं सांगतलं?" त्याचं चुकत नाही. त्याला खरंच कोणी सांगितलेलं नसतं.

यावर उपाय आहेत, पण ते पाळून घ्यावे लागतात. पाइप बॉक्सच्या सरळ वर किंवा सरळ खालीच जाईल, तिरपा शॉर्टकट नाही. बॉक्स दिसला की पाइप कुठं असेल हे कोणत्याही कारागिराला कळलं पाहिजे. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारू देऊ नका, भिंत कमजोर होते. प्लास्टरच्या आधी भिंतीला मोजमापाचा टेप लावून फोटो काढा, कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती ते त्यात दिसू द्या, आणि तो फोटो प्लंबर-सुताराच्या मोबाइलवर टाका. सगळ्यात महत्त्वाचं, प्लास्टरच्या आधी फक्त रिकामे पाइप टाका, वायर ओढा टाइल्स लागल्यावर. पाइप मध्येच फुटला असेल, सिमेंट शिरलं असेल तर वायर ओढतानाच अडकते आणि दोष तिथंच सापडतो. आधीच वायर भरून ठेवली तर तो दोष पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आल्यावर सापडेल. पाइपाच्या आत जोड तर अजिबात नको, जोड असेल तो बॉक्समध्येच.

पट्टीचा गुण एकच, पण मोठा: ती दिसते. सुतार तिला चुकवून ड्रिल मारतो, प्लंबर बाजूनं जातो. दोष आला तर झाकण काढून जागेवर सापडतो. पुढे पोरीनं एअर फ्रायर आणला तर एक पॉइंट वाढवायला टाइल फोडावी लागत नाही. काळ्या मातीतल्या घराच्या भिंतींना तडे जातच राहतात, पट्टीला त्याचं फारसं सुतक नाही. मातीची भिंत आणि वर कवेलू असेल तर प्रश्नच मिटला, तिथं कन्सीलच्या नादी लागूच नका, लाकडी फळी ठोकून त्यावर पट्टी आणि बोर्ड बसवा. वाईट बाजू म्हणजे झाकण निघून पडतं, आत झुरळं घर करतात आणि धुताना पाणी शिरतं. म्हणून सिंकच्या बाजूला पट्टीऐवजी गोल पीव्हीसी पाइप सॅडलनं बसवलेला बरा.

प्लगची जागा दोन्हींत सारखीच ठरवायची: शेगडीच्या बरोबर वर नाही, नळाच्या शिंतोड्यात नाही, आणि सिलिंडरजवळ खाली जमिनीलगत तर नाहीच. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खालीच साचतो.

काम चालू असतानाची लाइन हा वेगळाच विषय, आणि माझ्या मते जास्त धोका इथंच. पहिला पर्याय फुकटचा: जुन्या खोलीतल्या सॉकेटमध्ये वायरीची दोन उघडी टोकं खुपसायची, माचिसच्या काड्यांनी घट्ट करायची आणि ती वायर ओल्या फरशीवरून टाइल कटरपर्यंत न्यायची. कटर पाण्यावर चालतो, माणूस त्या चिखलात उकिडवा बसलेला. दुसरा पर्याय म्हणजे लाकडी फळीवर एक एमसीबी, एक ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत किंवा माणसातून गळला की लाइन तोडणारा स्विच), दोन तीन-पिनी सॉकेट आणि मीटरपासून अर्थिंगसह स्वतंत्र लाइन. सामान वाया जात नाही, नंतर घराच्या बोर्डात बसतं. याचा आणखी एक फायदा आहे. वायरमननं सयपाकघराची लाइन बंद करून तार हातात घेतली आणि तिकडे मिस्त्रीचं मशीन बंद पडलं, तर मिस्त्रीचा पोरगा जाऊन एमसीबी वर करतो. सगळ्यांची लाइन वेगळी असली की त्याला तिकडे जायचं कारणच उरत नाही. तरीही वायरमननं बंद एमसीबीवर टेप मारावी, जुना किटकॅट फ्यूज असेल तर काढून खिशात ठेवावा.

एमसीबी असली की झालं, आरसीसीबी कशाला, असं विचारणारे भेटतात. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉक बसला तर तिला पत्ताही लागत नाही. ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं. एकच घेणं परवडत असेल तर ती मेनला, सगळ्या घरासाठी. मात्र जुन्या भागातली वायरिंग ओल धरत असेल तर पावसाळ्यात ती सारखी पडेल आणि शेवटी घरातलंच कोणीतरी ती बायपास करेल. अशा घरात नव्या सयपाकघराला स्वतःची वेगळी आरसीसीबी द्या. न्यूट्रल गेलं म्हणून अर्थिंगवर घर चालवायची सवय आपल्याकडे आहे, आरसीसीबी ते चालू देत नाही. ती खराब आहे असं समजून काढून टाकू नका.

अर्थिंग प्लंबरच्या पाइपाला बांधायचे दिवस गेले, आता पाइप प्लास्टिकचे. घराचा स्वतःचा अर्थिंगचा खड्डा हवा. काळी माती ओली असताना अर्थिंग छान देते, उन्हाळ्यात भेगाळली की नाही, म्हणून मार्च ते जून त्यात पाणी टाकत राहा.

राहिला ठेक्याचा प्रश्न. गवंड्याला सगळं अंगावर दिलं तर एकाच माणसाशी बोलणं आणि थोडी बचत, पण वायरिंग करायला तो कोणाला आणेल ते तुमच्या हातात नाही. परवानाधारक वायरमन वेगळा ठरवला तर चार पैसे जास्त जातात आणि तारखा जुळवायची कटकट तुमच्या गळ्यात पडते. मी दुसरं निवडेन. त्याच्याशी बोलतानाच ठरवा की शेवटचा हप्ता सुतार गेल्यावर मिळेल: सगळी उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीतून करंट गळतो का ते दाखवणारं यंत्र) प्रत्येक लाइन तपासायची, एक मेगाओमच्या खाली काही दाखवलं तर आधी वायरीत घुसलेला सुताराचा स्क्रू शोधायचा, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण घरच्या माणसाच्या हातून दाबून घ्यायचं.