घरगुती सोडा मेकर: यंत्र चांगले, पण आधी गॅसची सोय पाहा

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालणारे सोडा मेकर गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या बेळगावच्या घरी वापरात आहे. ज्या घरात लिंबू सोडा किंवा कोकम सोडा रोजच्या रोज होतो, त्या घराने ते जरूर घ्यावे, असे माझे मत झाले आहे. मात्र खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या वाचकांनी पैसे भरण्याआधी रिकामा सिलिंडर कोठून भरून मिळणार, याची खात्री करून घ्यावी.

यंत्र साधे आहे आणि त्याला वीज लागत नाही. बाटली खुणेपर्यंत पाण्याने भरून नोझलला बसवायची आणि बटण थांबत थांबत दाबायचे. नळीतून कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला की पाणी क्षणभर दुधाळ दिसते, आणि दाब पुरेसा झाला की सेफ्टी व्हॉल्व्हमधून भर्रकन आवाज येतो. पाणी मात्र फ्रीजमधले चांगले गार हवे. ५ अंशांच्या पाण्यात २५ अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट वायू विरघळतो, त्यामुळे माठातले पाणी घेतले तर गॅस अधिक जातो आणि सोडा तरीही मिळमिळीत लागतो. राकसकोप जलाशयाचे नळाला येणारे पाणी उकळून, गाळून, गार करून घेतले की चव स्वच्छ येते. बोअरच्या जड पाण्याचा खारटपणा सोड्यात अधिकच जाणवतो. लिंबू, साखर किंवा कोकमाचे आगळ सोडा झाल्यावरच घालावे, कारण आधी घातले तर फेस उसळून नोझलमध्ये शिरतो.

आता खर्चाचे पाहू. नेहमीच्या सिलिंडरमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास वायू असतो आणि त्यातून ६० लिटर सोडा होतो, असे त्यावर लिहिलेले असते. चुरचुरीत सोडा आवडणाऱ्यांनी ४० लिटरच धरावेत. दुकानातली ७५० मिलिलिटरची बाटली २० रुपयांची धरली, तर ४० लिटरला हजाराच्या थोडे वर रुपये होतात. तेव्हा सिलिंडर भरून आणण्याचा खर्च, जाण्यायेण्यासह, हजारापेक्षा बराच कमी असेल तरच बचत होते, आणि यंत्राची किंमत त्या बचतीतूनच वसूल व्हायची असते. आम्ही ज्या विक्रेत्याकडून यंत्र घेतले, त्याने रिकामा सिलिंडर घेऊन भरलेला घरपोच देऊ असे सांगितले होते. पहिला सिलिंडर संपल्यावर आमचा पिनकोड त्या सोयीत बसत नसल्याचे कळले. हे खरेदीच्या वेळीच सांगायला हवे होते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हा वायू नवीन नाही. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे आणि कोअर (साच्यात आत बसवायचे वाळूचे गाभे) घट्ट करण्यासाठी तोच वापरला जातो, म्हणून तिथूनच सिलिंडर भरून आणावा असे कोणालाही वाटेल. तसे करू नये. औद्योगिक वायू पिण्यासाठी शुद्ध केलेला असेलच असे नाही. फूड ग्रेड वायू देणारा आणि वजनावर भरणारा अधिकृत विक्रेताच शोधावा. सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन आणि काट्यावरचे वजन यांतला फरक घरी एकदा पाहावा, म्हणजे वायू कमी भरला आहे की धोकादायक इतका जास्त, हे लगेच समजते.

पाहुणे आले तरच सोडा लागणाऱ्या घराला सायफन, म्हणजे वायूच्या छोट्या पुंगळीवर चालणारी सोड्याची बाटली, पुरेसा आहे. त्यात एक लिटरला ८ ग्रॅमची एक पोलादी पुंगळी लागते, पण ती एकदाच वापरता येते आणि भंगारात जाते. सिलिंडर पुन्हा पुन्हा भरता येतो, बाटलीही तीच राहते. चोर्ला घाटाच्या कडेला पडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा फरक मोठा वाटेल. मला तो पैशांच्या बचतीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

यंत्राची प्लॅस्टिकची बाटली कडकडीत पाण्याने धुऊ नये, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की ती दाबाखाली वापरू नये. सुटी बाटली कोठे आणि कितीला मिळते, हेही यंत्र घेतानाच विचारून ठेवावे.