कुइझेनेर कांड्या: गुणोत्तरासाठी 74 नगांचा संच पुरतो का?

बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज कुइझेनेर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रंगीत कांड्या (1 ते 10 सेंमी, प्रत्येक लांबीला वेगळा रंग) बहुतेक जण बेरीज-वजाबाकीसाठी घेतात. माझ्या मते त्यांचा खरा कस गुणोत्तरात लागतो. मात्र मांडणी चुकली तर त्या नेमके उलटेच शिकवतात.

लाल कांडी 2 सेंमीची, फिकट हिरवी 3 ची. शेजारी ठेवल्या की नजर आधी जाते ती 1 सेंमीच्या फरकावर. जांभळी (4) आणि पिवळी (5) यांच्यातही फरक तेवढाच, म्हणून मूल 2:3 आणि 4:5 समान ठरवून मोकळे होते. इथे जोडी वाढवायची: वर दोन लाल, खाली दोन फिकट हिरव्या. झाले 4:6. फरक 1 चा 2 झाला, गुणोत्तर तेच राहिले. आता पूर्वपद (पहिली संख्या) दोन्हीकडे 4, उत्तरपद (दुसरी संख्या) एकीकडे 6, दुसरीकडे 5. म्हणजे 4:5 मोठे. वरची ओळ पूर्वपदाची, खालची उत्तरपदाची, हे मात्र पक्के ठेवा. कांड्यांना क्रम कळत नाही. 2:3 चे 3:2 कधी झाले ते ध्यानातही येत नाही.

तुलनेला 7:8 आणि 5:6 घ्या. 8 व 6 चा लसावि 24. तीन काळ्या (7) वर, तीन तपकिरी (8) खाली: 21:24. चार पिवळ्या वर, चार गडद हिरव्या (6) खाली: 20:24. खालच्या ओळी सारख्या, वर एका सेंटिमीटरने पहिले गुणोत्तर सरस. तिरकस गुणाकारात 7×6 आणि 5×8 का पाहतात, ते यानंतर सांगणे सोपे जाते.

अडचण नगांची. 74 नगांच्या संचात पांढऱ्या 22, लाल 12, फिकट हिरव्या 10, जांभळ्या 6 आणि उरलेल्या रंगांच्या फक्त चार-चार. वरचे उदाहरण जेमतेम बसते. 7:9 आणि 5:7 साठी लसावि 63, त्याला सात निळ्या (9) आणि सोळा काळ्या हव्यात! तिथे सरळ वही घ्यावी. 12:18 ला संक्षिप्त रूप देतानाही गडद हिरव्या पाच लागतात. त्यावर तोड आहे: नारिंगी (10) आणि लाल जोडून 12, नारिंगी-तपकिरी जोडून 18 करा आणि एकच गडद हिरवी मापासारखी सरकवत न्या. वर दोनदा बसते, खाली तीनदा.

लांब ओळीत कांड्यांमध्ये फटी राहिल्या की 1 सेंमीचा निकाल फसवा ठरू शकतो, तेव्हा ओळ फूटपट्टीच्या कडेला टेकवून दाबून घ्या.